चोवीस इंची पेटी

आबांना एकही कॅरिअर पसंत पडत नव्हतं.

पारोळा रोडवरच्या आपल्या दुकानात पुना मिस्त्रीने भिंतीवरच्या आकड्यांवरून काढून सात कॅरिअर पोत्यावर मांडली होती, आणि आबा त्यांच्यासमोर उकिडवे बसून एकेकाला टेप लावत होते. टेप त्यांच्या कोटाच्या खिशात असायचा. माझे वडील तेहेतीस वर्षं धुळ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि खुणांचे दगड रोवून द्यायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी टेप खिशातून निघाला नव्हता.

“हाई घ्या,” पुना म्हणाला. “गडीमाणसाच्या सायकलचं शे. दोन पोती ठेवा, हालणार नही.”

“दोन पोती न्यायची नाहीत.”

“मंग हाई. नाजूक शे.”

“पट्टी पातळ आहे. सहा महिन्यांत वाकेल.”

“आबा, तुमले नेमकं काय न्यायचं शे, ते एकदाव सांगी टाका ना!”

आबांनी टेप गुंडाळला आणि परत पहिल्या कॅरिअरपासून सुरुवात केली. पुनाने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मला हसू आलं. त्या दिवसाचं ते शेवटचं हसू, हे नंतर लक्षात आलं.

दुकानाच्या मधोमध सायकल उभी होती. काळी, बाविसाची, लेडीज. हँडल उंच आणि मागे वळलेलं, पाठ ताठ ठेवून बसता येईल असं. कॅरिअर नाही, घंटी नाही, मागच्या चाकाला जाळी नाही. आबांनी आठ दिवसांपूर्वी ती कोरी घेतली होती आणि घरी येऊन एवढंच म्हणाले होते, “घरात एक लेडीज सायकल असू दे.” घरात आबा सोडले तर दोघीच. माय आणि मी. माय सायकलच्या दांडीवरसुद्धा कधी बसली नव्हती.

कोणासाठी, हे मी विचारलं नाही. आबांनीही मला काही विचारलं नव्हतं. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी जळगावहून माहेरी आले. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी आखाजीला येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि पावसाच्या आधी परत जातात. मी गेले नाही. पाऊस झाला, पोळा झाला, दिवाळी झाली, आता माघ निम्मा सरला होता. गल्लीतल्या बायकांनीही विचारायचं सोडलं होतं.

कॅरिअर बाजूला ठेवून आबा बाकीच्या वस्तूंकडे वळले. घंट्या पाच वाजवून पाहिल्या. एकेक वाजवायचे आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबायचे. पुनाने गुलाबी झालरीचं मखमली सीटकव्हर पुढे केलं.

“हे कशाला? सायकलीचं लग्न नाही, पुना.”

“आबा, लेडीज सायकल शे. थोडी शोभा नको का?”

“शोभा पावसात भिजते. साधं रेक्झिन टाक.”

स्टँड दोन पायांचा ठरला. बाजूला टेकायच्या स्टँडवर भरलेली सायकल आडवी होते, हा त्यांचा जुना अनुभव. त्यांच्या स्वतःच्या सायकलीवर मोजणीचं टेबल, साखळी आणि झेंड्यांच्या काठ्या असायच्या. काठ्यांसाठी त्यांनी पुनाच्याच बापाकडून खास कड्या जोडून घेतल्या होत्या. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला बसवायची जाळी मी निवडली. पुढे टोपली हवी, हेही मीच म्हणाले. आबांनी लगेच मान डोलावली आणि टोपलीची रुंदी मोजली.

मग पुनाने मागच्या चाकाला बसवायचं गोल कुलूप काढलं. “हाई सगळ्यात भारी. चावी फिरवली का चाक जाम.”

“कुलूप नको,” मी म्हणाले.

माझा आवाज जरा मोठा निघाला असावा. पुना थांबला.

“ताई, बिनकुलपाची सायकल आग्रा रोडवर उभी केली, तं दुसऱ्या मिनिटाले गायब.”

“जाऊ दे गायब. कुलूप नको.”

आबा माझ्याकडे बघत होते. शेताच्या कोपऱ्यावर उभं राहून समोरच्या झेंड्याकडे एक डोळा बारीक करून बघायचे, तसं. मग त्यांनी कुलूप पुनाच्या हातातून घेतलं, जागेवर ठेवलं आणि वेगळंच काही विचारलं.

“पमा, तुझी पेटी केवढी आहे?”

माझी पत्र्याची पेटी. लग्नात दिलेली, निळी. जळगावहून ती घेऊनच मी आले होते, आणि दहा महिने ती मधल्या खोलीत खाटेखाली होती.

“चोवीस इंची,” मी म्हणाले. आणि मग, स्वतःला आवरायच्या आत, “का? कॅरिअरवर बसवायची आहे का? एसटी स्टँडपर्यंत पेटी न्यायला टांगा मिळतो, आबा. त्यासाठी सायकल घ्यायची गरज नव्हती.”

पुना एकदम पाना शोधायला लागला. आबांनी टेप खिशात टाकला.

“बघू,” ते म्हणाले.

एवढंच. घरी येताना ते पुढे आणि मी चार पावलं मागे. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि काही न बोलता आत गेले. थोड्या वेळाने ते मायला “पुनाकडे जाऊन येतो” म्हणाले, मग वहाणांचा आवाज. दिवेलागणीला परत आले. जेवताना त्यांनी मला ठेचा मागितला, मी वाढला. आमचं शेवटचं बोलणं ठेच्याचं झालं.

सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा ते हंडा लावायला उठले. हंडा भरून वाहायला लागला तरी नळ बंद होईना, म्हणून माय बाहेर गेली.

०

पुढचे दिवस मला बसवेना. सुतकात घरातल्या माणसांनी एका जागी बसायचं असतं. लोक दारावर येतात, समोर बसतात, थोडं रडतात, उठून जातात. मी मधल्या खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून मागच्या दारी, मागच्या दारातून पुन्हा आत अशी फिरत होते. पुस्तक उघडायचे आणि एकच पान चार वेळा वाचून मिटायचे. लहानपणापासून मला वाटायचं, वाचणाऱ्या माणसाला दुःखाची थोडी तरी तयारी असते. तसं काही नसतं.

“बठ ना बेटा एक जागे,” माय म्हणायची. “लोके काय म्हनतीन?”

मी बसायचे. पाच मिनिटांनी उठायचे.

खुंटीवर आबांचा कोट होता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खिशातून टेप काढला आणि खाटेखालची पेटी मोजली. चोवीस इंच. मी बरोबर सांगितलं होतं. टेप परत खिशात ठेवला, आणि तासाभराने पुन्हा काढून पुन्हा मोजली.

आबांनी मला परत पाठवायचं ठरवलं होतं. त्यासाठी सायकल घेतली, कॅरिअर शोधलं, पेटीचं माप विचारलं. जातायेता हेच डोक्यात फिरत होतं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार यायचा, जो मला जास्त नकोसा होता: त्यांना काय दोष द्यायचा? मी त्यांना सांगितलं काय होतं?

मी त्यांना एक सांगितलं नव्हतं.

जळगावला आमचं घर रेल्वेलाइनपलीकडे, नव्या वस्तीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. सासरे थोरल्या दिरांकडे धरणगावला राहायचे. घरात आम्ही दोघंच. माझे यजमान, अभिमन, एका तेलगिरणीत कारकून होते. लग्नानंतर वर्षभरात त्यांनी कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. वस्ती चांगली नाही, असं म्हणाले. मी वाचनालयात जात होते, ते त्यांना पटत नव्हतं. पण त्यावरून कधी भांडण झालं नाही. ते ओरडायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. सकाळी नऊला कुलूप लागायचं, संध्याकाळी सहाला निघायचं. काही महिन्यांनी मी विचारायचं सोडलं. काही वर्षांनी मला त्याचा आवाजही ऐकू येईनासा झाला.

पुढे एका पौषात आबा न कळवता आले. दुपारचे बारा वाजले असतील. मी आत तांदूळ निवडत होते. ओट्यावर वहाणा वाजल्या, मग खोकला. आबांचा खोकला मला झोपेतही ओळखू आला असता.

“नर्मदाबाई,” त्यांनी शेजारी विचारलं, “ही मंडळी कुठे गेली?”

“कुलूप शे म्हणजे गेली असतीन कुठे तरी. बसा आबा, पाणी आणू?”

“नको. थांबतो थोडा वेळ.”

ते ओट्यावर बसले. दाराला खालच्या बाजूला बोटभर फट होती. मी जमिनीवर बसले तर मला त्यांच्या वहाणांच्या टाचा दिसत होत्या. त्यांच्याशेजारी एक पिशवी होती. शेंगांचा वास आत येत होता.

मला हाक मारता आली असती. “आबा” एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी कुलूप तोडलं असतं. बहुतेक त्यांनी काहीच विचारलं नसतं, मला उठवलं असतं, पेटी उचलली असती. हे सगळं मला कळत होतं आणि तरी मी तोंडावर पदर दाबून बसले. मला लाज वाटत होती. कुलूप दुसऱ्याने लावलं होतं. पण चार वर्षं त्याच्या आत मी स्वयंपाक करत होते, केस विंचरत होते, वाचत होते. आणि हे माझ्या बापाला दिसणार होतं.

ते तासभर बसले. मग नर्मदाबाईंकडे पिशवी देऊन गेले. रात्री अभिमनने त्या शेंगा भाजायला सांगितल्या. चांगल्या आहेत म्हणाले.

चार दिवसांनी आबांचं पोस्टकार्ड आलं. त्यांची पत्रं पंचनाम्यासारखी असायची. “दि. ९ रोजी जळगावी आलो होतो. घरास कुलूप होते. एक तास थांबलो. दोरीवर वाळत घातलेली साडी ओली होती. शेंगा शेजारी ठेवल्या आहेत. तुझे कुशल कळवावे.”

साडी मी सकाळी, कुलूप लागायच्या आधी, ओट्यावरच्या दोरीवर टाकली होती. मी ते पत्र पुष्कळ वेळा वाचलं आणि उत्तर लिहिलं: “आम्ही पाचोऱ्याला लग्नाला गेलो होतो. चुकामूक झाली.” त्यानंतर त्या दिवसाचा विषय आबांनी कधी काढला नाही.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. मोजणीला दोन्ही बाजू हजर पाहिजेत. एका बाजूचा माणूस आला नसेल, तर ते वीस मैल सायकल मारून गेलेले असले तरी साखळी न उघडता परत यायचे. लोक चिडायचे. “अहो, जमीन इथंच आहे, मोजा ना! तो काय येतो आणि काय बोलतो?” आबा म्हणायचे, “जमीन बोलत नाही. माणसाने बोललं पाहिजे. त्याचं ऐकल्याशिवाय मी दगड रोवणार नाही.” लहानपणी मला ते फार अडेल वाटायचे.

०

सुरतेहून माझा धाकटा भाऊ भिकन पहिल्याच दिवशी आला होता. तेराव्याला गंधमुक्ती झाली. जळगावहून अभिमन आणि धरणगावहून माझे सासरे, आधारनाना, असे दोघं भिकनसाठी टॉवेल-टोपी घेऊन आले. नानांना कमी ऐकू येतं. त्यांच्याशी बोलायचं तर अर्ध्या गल्लीला कळेल अशा आवाजात बोलावं लागतं, आणि ते स्वतःही तसंच बोलतात. मुक्काम त्यांनी आमच्याकडेच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चहा झाला. अभिमन खाली मान घालून बसले होते. ते जाड झाले होते. पायरीवर त्यांच्या बुटांशेजारी माझ्या चपला होत्या, कोणीतरी नीट जोडीने ठेवलेल्या. मी आतल्या दाराशी उभी होते.

“विहीणबाई,” नाना म्हणाले, “झालं ते वाईट झालं. हिलालभाऊंसारखा सरळ माणूस होणार नाही. पण आता लेकीला किती दिवस ठेवणार? अकराची गाडी आहे. घेऊन जातो.”

माय पदर सावरत म्हणाली, “नाना, त्यासनी पहिली आखाजी शे. त्यासना नावनी घागर भरानी शे. लेक नको का घरमा?”

“काय?”

“आखाजी!” भिकन ओरडला.

“हो, हो. आखाजीला पाठवू की! दोन महिने आहेत. तिचं माहेर काही तुटत नाही.”

माय भिकनकडे बघायला लागली. भिकन माझ्याकडे बघेना. त्याला संध्याकाळी सुरतेची गाडी पकडायची होती. मायलाही तो नेणार होता, एका खोलीच्या घरात, निदान आखाजीपर्यंत. माझं काय करायचं, याचं उत्तर नानांनी आपणहून दिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मी त्याला दोष देऊ शकले नाही. त्यालाही मी काही सांगितलं नव्हतं.

“ताई, आवरून घे,” तो हळूच म्हणाला. “मी पेटी काढतो.”

मी आत गेले. पेटीत साड्या ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. आबांच्या कोटाजवळ गेले, टेप घेतला, पेटीत टाकला. परत काढून हातात धरला. मला वाटत होतं मी आता काहीतरी बोलेन, आणि माझ्याच हातांनी मी पेटीची कडी लावली.

तेवढ्यात दारात घंटी वाजली. मोठी, स्वच्छ, उशिरापर्यंत विरत जाणारी. आबांनी पाचातून निवडलेली.

पुना सायकल हाताने चालवत घेऊन आला होता. “सुतकमा आनाले बरं नही वाटनं,” तो मायला म्हणाला. “म्हनी तेरा दिवस थांबनू.”

सायकल त्याने ओसरीसमोर स्टँडवर लावली. पुढे टोपली, मागे जाळी, साधं रेक्झिनचं सीट. कुलूप नव्हतं. जवळ गेल्यावर दिसलं, कुलपाचे स्क्रू बसवायची भोकंसुद्धा बुजवून वर काळा रंग दिला होता.

आणि कॅरिअर वेगळंच होतं. पोत्यावर मांडलेल्या सातांपैकी ते नव्हतं. आखूड, रुंद, आणि चारही बाजूंनी लोखंडी पट्टीचा कठडा.

“बरं झालं,” भिकन म्हणाला. “पेटी यावरच टाकू. टांगा कशाला? अभिमनदाजी, तुम्ही नानांना घेऊन चालत या, मी आणि ताई पुढे होतो.”

त्याने पेटी आणली आणि कॅरिअरवर ठेवली. ती कठड्याच्या आत गेली नाही. त्याने आडवी करून पाहिली. मग कठड्यावरच टेकवली, तर ती कलून घसरली. अभिमनने उठून धरली नसती तर पायावर पडली असती. दोघांनी मिळून पुन्हा ठेवली. भिकनने सुतळी आणली, दोन वेढे दिले, गाठ मारली आणि हात सोडला. पेटी हळूहळू एका बाजूने उतरली आणि सुतळीत लोंबायला लागली.

“काय चाललंय?” नानांनी विचारलं.

“बसत नाही, नाना!”

“मग दाबून बसवा!”

भिकन घामाघूम झाला होता. “पुनाभाऊ, हे काय कॅरिअर केलंय? कठडा मागून उंच, पुढून ठेंगणा! यावर पाटसुद्धा राहणार नाही. कोणी सांगितलं असं करायला?”

पुनाने माझ्याकडे बघितलं, मग मायकडे. खिशातून चौघडी केलेला कागद काढला.

“आबास्नी सांगेल शे. मापं त्यासनी सोता लिखी देयेल शेतस. त्या दिवशी सांजले दुकानवर परत आले व्हते ना, तवय.”

कागद मी घेतला. मोजणीच्या नकाशासारखा आखलेला. कॅरिअर वरून, कॅरिअर बाजूने. आतली लांबी चौदा, रुंदी दहा, कठडा पुढे तीन, मागे सहा. कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायची त्यांची सवय होती. इथेही हँडलच्या दिशेला तो होता.

“मी सांगं त्यासले,” पुना म्हणाला, “आबा, दुन्या मोठं कॅरिअर मांगस, तुम्ही हाई उलटं काय करी राह्यनात? तं म्हने, चोवीस इंची पेटी यावर बसाले नको. वरून ठेवली तं घसरनी पाहिजे. मी म्हनं, का बरं? तं म्हने, पोरनं अजून काही सांगेल नही. ती सांगी तवय दुसरं कॅरिअर टाकूत, नही तं हाईच ऱ्हाऊ देऊत. तवलूंग कोनी पेटी नेवाले नको.”

भिकनच्या हातात सुतळीचं टोक होतं. समोरच्या घरातल्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“काय म्हणतोय तो?” नाना म्हणाले.

अभिमनने पेटी सुतळीतून सोडवली आणि जमिनीवर ठेवली. “काही नाही, नाना. टांगा बघतो मी.” आणि माझ्याकडे न बघता, घरातल्यासारख्या साध्या आवाजात म्हणाले, “चल प्रमिला. उशीर होतोय.”

सकाळी नऊ वाजता दार ओढून घेताना हाच आवाज असायचा.

माझ्या हातात टेप होता. तो मी पेटीवर ठेवला.

“माय,” मी म्हणाले, “आबा जळगावला आले होते, आठवतं? शेंगा घेऊन. घराला कुलूप होतं म्हणून परत आले.”

“हां. तुम्ही पाचोराले लगनले गयथात.”

“नव्हतो गेलो.”

“प्रमिला,” अभिमन म्हणाले.

“पाचोऱ्याला कोणाचंच लग्न नव्हतं. ते मी खोटं लिहिलं. कुलूप हे लावून जायचे, रोज, बाहेरून. सहा वर्षं. त्या दिवशीही लावलं होतं.”

“वस्ती कशी होती, तुम्हाला माहीत नाही,” अभिमन भिकनला म्हणाले. “एकटी बाई घरात...”

भिकनने सुतळी खाली टाकली. “थांबा दाजी. बोलू द्या तिला.”

“काय?” आधारनाना कानामागे हात धरून पुढे वाकले. “काय म्हणतेय सूनबाई? मोठ्याने बोला जरा!”

मी त्यांच्याकडे वळले, आणि त्यांना ऐकू जाईल, समोरच्या दारातल्या बायकांना, पुनाला, मायला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“आबा ओट्यावर तासभर बसले होते, नाना. मी दाराच्या आत, जमिनीवर बसले होते. मला त्यांच्या टाचा दिसत होत्या. मी हाक मारली नाही. मी घरातच होते. मी आत होते!”